गॅस पाण्यासारखा उताराला जातो

आमचं घर उतारावर आहे. महाबळेश्वरच्या बाजारापासून बरंच आत, रस्ता सोडून दगडी पायऱ्या उतरल्या की आधी पडवी लागते, मग स्वयंपाकघर, त्याच्याखाली पाहुण्यांना भाड्यानं द्यायच्या खोल्या, आणि सगळ्यात खाली डोंगरात अर्धी खोदलेली एक खोली. त्याच्याही खाली आमची स्ट्रॉबेरीची वाफे-वाफेची जमीन आणि तिच्या कडेला शेजारच्या काकींचं घर. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा हा उतार मला झेपायचा नाही. मी सांगलीकडच्या सपाट मुलखातली. आमच्याकडे बादली कलंडली तर पाणी जागच्या जागी पसरतं. इथं ते लगेच निघतं आणि कुठं जाऊन थांबेल ते सांगता येत नाही.

सांगता येत नाही, असं मला वाटायचं. सासूबाईंना यायचं. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांचं सगळं आयुष्य वाफ्यांत पाणी फिरवण्यात गेलं. कुठं दार धरायचं, कुठं मोडायचं, एवढं वळवलं तर शेवटच्या रोपाला किती पोचेल, हे त्या वर उभ्या राहून नुसतं बघून सांगायच्या.

पावसाळ्याआधी इथं सगळे साठवण करतात. एकदा पाऊस धरला की रस्ता कधी बंद होईल याचा नेम नसतो. धान्य, तेल, वाळलेलं सरपण आणि गॅसच्या टाक्या. घरची टाकी वेगळी, पाहुण्यांच्या स्वयंपाकाच्या मोठ्या टाक्या वेगळ्या. त्या सगळ्या आम्ही खालच्या खोलीत ठेवायचो. जागा कमी पडली की एकदोन आडव्याही टाकायचो. खोलीला खिडकी नव्हती. दार बंद केलं की आत पाऊस येत नाही, म्हणून ती खोली आम्हाला सगळ्यात सुरक्षित वाटायची. तिच्या दाराशीच आंघोळीच्या पाण्याचा बंब होता. सकाळ-संध्याकाळ तो लाकडं घालून पेटवायचा. इतकी वर्षं टाक्या आणि बंब असे शेजारी-शेजारी नांदले, आणि आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग एका उन्हाळ्याच्या शेवटी नगरपालिकेनं खोल्या भाड्यानं देणाऱ्या सगळ्यांना शाळेच्या हॉलमध्ये बोलावलं. अग्निशमनचे एक साहेब माहिती देणार होते. ह्यांची टॅक्सी प्रवासी घेऊन पुण्याला गेली होती, म्हणून मी आणि आत्या गेलो. हॉलमध्ये बायकाच जास्त होत्या. साहेब वयानं फार नव्हते, आवाज मात्र शांत होता. त्यांनी सुरुवातीला काहीच सांगितलं नाही. दोन बाकांवर पत्र्याची एक पन्हळ तिरकी ठेवली, तिच्या खालच्या टोकाशी एक मेणबत्ती पेटवली, आणि मग वरच्या टोकाला उभं राहून एका स्टीलच्या मगातून त्या पन्हळीत ओतायला लागले.

मगात काही दिसत नव्हतं. पन्हळीतही काही दिसत नव्हतं. माणूस रिकामा मग हळूहळू कलता करतोय, एवढंच दिसत होतं. पुढच्या बाकावरच्या एकदोघी हसल्या. साहेबांनी मग बाजूला ठेवला आणि हात मागे घेऊन उभे राहिले.

क्षणभर काही झालं नाही. मग मेणबत्तीची ज्योत एकदम लांब झाली, वाकली, आणि एक निळी रेघ पन्हळीतून वर धावत गेली. आवाजही झाला नाही. वरच्या टोकाशी पोचून ती विझली. पन्हळ होती तशी रिकामी.

मी रोज सकाळी उठून ज्याच्यावर चहा करते, ते काय आहे हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, असं मला वाटलं.

"गॅस हवेपेक्षा जड असतो," साहेब म्हणाले. "तो वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरतो, खोलगट जागा शोधतो, तिथं जाऊन साचतो. म्हणून टाकी तळघरात ठेवायची नाही, जमिनीच्या पातळीखाली कुठंच ठेवायची नाही. बंद कपाटात ठेवायची नाही. ठेवायचीच असेल तर कपाटाला खाली, अगदी जमिनीशी, भोकं हवीत."

त्यांनी आणखीही सांगितलं. टाकी नेहमी उभी ठेवायची, कारण आत गॅस पातळ होऊन भरलेला असतो. आडवी झाली की तो पातळच बाहेर येतो आणि त्याचा नंतर केवढा तरी मोठा ढग होतो. शेगडी टाकीपेक्षा उंचावर हवी. गरजेपेक्षा जास्त टाक्या घरात नकोत. टोपण दोरीनं टाकीलाच बांधलेलं असू द्यावं, आणि गळती झाली तर पहिल्यांदा तेच परत बसवायचं. वास आला तर दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. आणि मग त्यांनी सहज म्हणून सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली. या गॅसला स्वतःचा वासच नसतो. आपल्याला येतो तो वास मुद्दाम घातलेला असतो, आपल्याला कळावं म्हणून. कधी काळी कुणीतरी माणसानं बसून विचार केला असेल की दूर कुठल्या तरी घरात, कधीच न भेटणाऱ्या एका बाईला हे कळलं पाहिजे. आणि तिच्यासाठी त्यानं त्या न दिसणाऱ्या वस्तूला एक घाण वास दिला.

आत्यांनी हात वर केला. "सायेब, त्यो पाटानं बी जातो का? पाणी जातं तसा?"

"जातो, मावशी."

"आन् गटारानं?"

"गटारानं तर नक्की जातो. पाणी जिथं जिथं जाईल, तिथं तो जाईल असं धरून चाला."

आत्या घरी आल्या तशा स्वयंपाकघरात गेल्या, तांब्याभर पाणी घेतलं आणि शेगडीखाली फरशीवर ओतलं. मी फडकं आणायला वळले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. बघू दे मला."

पाणी फरशीवरून मोरीकडे गेलं. मोरीच्या भोकातून बाहेर, भिंतीकडेच्या पन्हळीतून खाली, पायऱ्यांच्या कडेनं आणखी खाली. आत्या त्याच्या मागोमाग चालत होत्या आणि मी आत्यांच्या मागे. ते पाणी खालच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन थांबलं, बंबाच्या तोंडाशी, सकाळच्या राखेत.

आत्या त्या ओल्या राखेकडे बघत उभ्या राहिल्या. "आपल्याला द्येवानंच सांबाळलं गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "रोज हितं जाळ करत हुतो आपुन. आन् टाक्या तर आतच हायत्या."

हे पुण्याहून परतले तेव्हा त्यांना हे सगळं पटायला वेळ लागला. टाक्या पडवीत ठेवल्या तर पावसानं गंजतील, चोरीला जातील, शिवाय इतकी वर्षं काही झालं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आत्यांनी वाद घातला नाही. त्यांनी ह्यांच्यासमोर पुन्हा तांब्याभर पाणी ओतलं. ते राखेपर्यंत पोचलेलं बघून हे दुसऱ्या दिवशी सिमेंट आणायला गेले.

पडवीच्या एका कोपऱ्यात ह्यांनी हातभर उंचीचा ओटा बांधला. पुढच्या बाजूला जाळीचं दार, दाराखाली मोकळी फट, वर पत्रा. ओट्यापासून बाहेरच्या उताराकडे एक चर काढला, म्हणजे काही सांडलं तर ते घरात न येता बाहेरून निघून जाईल. जादा टाक्या एजन्सीला परत दिल्या. आमचा बंबही उचलून पडवीच्या वरच्या अंगाला नेला. तो चर पायऱ्यांच्या कडेनं थेट खाली काकींच्या घराकडे जात होता, आणि काकींचा बंब त्यांच्या अंगणाच्या वरच्या टोकाला होता. आत्या त्यांना सांगायला गेल्या. काकी हसल्या. "तुमचा ग्यास तुमी सांबाळा, वयनी. त्यो आमच्याकडं कशापायी येतोय?"

पाऊस सुरू झाला. इथला पाऊस सुरू झाला की घराला पडदे बांधायचे, कपडे शेकोटीवर वाळवायचे आणि धुक्याबरोबर राहायचं. धुकं खिडकीतून आत येतं, एका खोलीतून दुसरीत जातं, समोर बसलेल्या माणसाचा चेहरा पुसट करून टाकतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी मला त्याची भीती वाटायची. आता वाटत नाही.

ती दुपारची वेळ होती. पाहुणे कुणी नव्हते, वीज सकाळपासूनच गेलेली होती, हे वाईला गेले होते. मी भाकरी करत होते आणि तव्यावर भाकरी असतानाच टाकी संपली. शेगडीची बटणं बंद केली, रेग्युलेटर बंद करून काढून ठेवला आणि भरलेली टाकी आणायला पडवीत गेले. टाकीचं सील पाहिलं, दोरी ओढून टोपण काढलं.

टोपण काढताना कधी कधी फुस्स असा एवढासा आवाज येतो आणि थांबतो. त्या दिवशी तो थांबला नाही. वाढत गेला. दोरी तुटून टोपण माझ्या हातातून उडालं आणि पायऱ्यांवरून पावसात गेलं. टाकी ओट्यावरून खाली घेऊन बाहेर न्यावी म्हणून मी तिला कवेत धरून ओढलं. ती कलली. आणि जे हवेसारखं येत होतं ते एकदम पाण्यासारखं माझ्या हातावर आलं.

मला वाटलं, हात पेटला. तशीच आग झाली. जाळ मात्र कुठंच नव्हता. बोटं पांढरी पडली होती.

आवाजानं आत्या दारात आल्या. त्यांनी एका नजरेत पाहिलं. "उबी कर," म्हणाल्या. "पयली उबी कर ती." दोघींनी मिळून ती परत ओट्यावर सरळ उभी केली. पातळ यायचं थांबलं, पण वरच्या तोंडातून पांढरा लोट येतच राहिला. मी तोंडावर फडकं दाबायला गेले तर त्यांनी माझा दंड धरला. "सोड ती. ऱ्हाऊ दे तिथंच. टोपान कुठं हाय?"

"खाली गेलं. दिसत नाही."

आत्यांनी मग पहिल्यांदा खाली पाहिलं. माणसाकडे नाही, टाकीकडे नाही, जमिनीकडे. ओट्यावरून तो पांढरा लोट सांडत होता. तुपाची धार जशी जड पडते तसा तो पडत होता, फटीतून बाहेर येत होता आणि ह्यांनी काढलेल्या चरात उतरत होता.

"मी द्येवाचा दिवा शांत करती," त्या म्हणाल्या. "दार लावून घेती. तू वरच्या वाटंनं खाली पळ. काकींचा बंब पेटलाय."

हे सगळं त्या ज्या आवाजात बोलल्या, त्या आवाजात त्या मला एरवी मीठ आण म्हणतात. देव्हाऱ्यातला दिवा आमच्याकडे कधी कुणी विझवत नाही. तेल संपून तो आपला जातो, किंवा जाऊ देत नाहीत. आत्यांनी आत जाऊन तो चिमटीत धरून शांत केला, मोरीचं भोक ओल्या पोत्यानं बुजवलं आणि दार ओढून घेतलं, हे मला नंतर कळलं. तोवर मी धावत होते.

वरची वाट म्हणजे वाफ्यांच्या बांधावरून वळसा घालून जाणारी पायवाट. तिथून आमच्या पायऱ्या सगळ्या दिसतात. मी धावता धावता पाहिलं आणि माझे पाय आपोआप मंद झाले.

धुकं नेहमी दरीतून वर येतं. त्या दिवशीही येत होतं, झाडांच्या उंचीनं, सैल, विरळ. आणि त्याच्याखाली, पायऱ्यांवरून, दुसरं एक धुकं खाली जात होतं. घोट्याइतकंच उंच. दाट, पांढरंशुभ्र, कडा रेखीव. ते एक पायरी भरायचं, क्षणभर थांबायचं, मग काठावरून पुढच्या पायरीवर ओघळायचं. दगड आला की दुभंगायचं आणि पलीकडे पुन्हा एक व्हायचं. पाऊस त्याच्यावर पडत होता आणि ते पावसाखालून चाललं होतं. त्याचा काही आवाज नव्हता. मी माझ्या आयुष्यात इतकं सुंदर काही थोडंच पाहिलं असेल, आणि त्या क्षणी मला ते सुंदरच वाटलं, हे मी लपवत नाही. मग ते कुठं चाललंय ते आठवलं आणि मी पुन्हा धावले.

काकी बंबात लाकूड सारत होत्या. त्यांची मुलगी बाळंतपणाला आलेली होती, बाळाच्या आंघोळीचं पाणी तापत होतं.

"काकी, बंब विझवा."

"का गं? बाळाची अंगूळ ऱ्हायलीया अजून."

"गॅस येतोय. आमच्या पायऱ्यांवरनं येतोय."

त्यांनी वर पाहिलं. पायऱ्यांचा वरचा अर्धा भाग पांढरा झाला होता. काकींनी पुढे काही विचारलं नाही. शेजारी तापलेल्या पाण्याची बादली भरून ठेवली होती, ती उचलली आणि सगळी बंबाच्या तोंडात ओतली. वाफेचा भपकारा आमच्या तोंडावर आला. मी पागोळीखालच्या पिंपातून पाणी आणत राहिले, त्या ओतत राहिल्या, राखेचा चिखल होऊन तो बाहेर वाहायला लागेपर्यंत. एकही निखारा दिसेना तेव्हा काकी म्हणाल्या, "झालं का गं?" आणि तेवढ्यात वास आला.

पांढरं अजून आमच्यापासून बरंच वर होतं. पायऱ्यांच्या मध्यावर ते विरलं होतं, खालचा दगड स्वच्छ दिसत होता. पण वास इथं होता, आमच्या पायाशी.

"लेकीला घ्या," मी म्हटलं. "दिवा, चूल, काही असेल तर..."

"चूल सकाळीच इझलीया." काकी घरात गेल्या. त्यांची मुलगी बाळाला दुपट्यात गुंडाळून, वर प्लास्टिक घेऊन बाहेर आली. तिला काही कळलेलं नव्हतं, आईचा चेहरा पाहून ती निमूट चालत होती. आम्ही वरच्या वाटेनं बांधावरून वर गेलो, घराच्याही वर, रस्त्याशी, जिथं आत्या उभ्या होत्या.

आत्यांनी दोन्ही हात आडवे पसरले होते. रस्त्यानं कुणी गाडी घेऊन येऊ नये, कुणी विडी पेटवू नये, म्हणून त्या भर पावसात तशा उभ्या होत्या. आमच्याकडे बघून त्यांनी पहिल्यांदा बाळाच्या तोंडावरचं प्लास्टिक सारखं केलं. मग मला म्हणाल्या, "आता लाव फोन. हितनं चालंल." मी डाव्या हातानं अग्निशमनला फोन लावला. उजव्या हाताची बोटं वळत नव्हती.

रस्त्यावर झाड पडलं होतं. साहेब आणि त्यांची माणसं गाडी पलीकडे ठेवून चालत येत होती. तोवर आम्हाला काही करण्यासारखं नव्हतं. रस्त्याच्या कडेच्या दगडांवर आम्ही बसलो, एका प्लास्टिकखाली, मध्ये बाळ. खाली आमची पडवी दिसत होती. पत्र्याखाली ती लाल टाकी एकटी उभी होती आणि श्वास सोडावा तशी सोडत होती. एवढीशी टाकी. मी तिला कमरेवर घेऊन किती वेळा पायऱ्या उतरले असेन. तिच्यातून निघणारं संपतच नव्हतं.

"केवडं मावलं हुतं त्यात," काकी पुटपुटल्या.

मग टाकीवर काहीतरी पांढरं दिसायला लागलं. आधी खालच्या बाजूला, मग थोडं वर, आणि एका ठिकाणी रेघ मारल्यासारखं थांबलं. आत्यांनी डोळे बारीक केले. "त्ये काय गं? रंग गेला का काय?"

मला उगाच वाटलं ते बर्फ आहे, पण बोलायचं धाडस झालं नाही. जाळासाठी केलेल्या वस्तूवर बर्फ कसा धरेल?

बर्फच होता. साहेब आले, त्यांनी आधी आम्हाला मोजून घेतलं, घरात आणखी कुणी आहे का ते विचारलं, मग त्यांची माणसं खाली गेली. आवाज आता बराच कमी झाला होता. त्यांनी टाकीच्या तोंडावर त्यांच्याकडचं टोपण घट्ट बसवलं आणि आवाज बंद झाला. तेव्हा मला पावसाचा आवाज पुन्हा ऐकू आला. इतका वेळ तो चालूच होता.

साहेबांच्या हातात एक यंत्र होतं. हवेत गॅस असेल तर ते चिवचिवतं. ते घेऊन साहेब आमच्या पायऱ्या उतरायला लागले. पांढरं तर केव्हाच नाहीसं झालं होतं. यंत्र पायऱ्यांवर वाजलं. पायऱ्या संपल्या तिथं वाजलं. काकींच्या अंगणात खाली वाकून धरलं तेव्हा वाजलं. आणि विझलेल्या बंबाच्या तोंडाशी नेलं तेव्हा ते थांबेचना.

काकी बघत होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरला होता.

"जे पांढरं दिसतं ती हवेतली वाफ असते, थंडीनं गोठलेली," साहेब वर येऊन म्हणाले. "गॅस त्याच्याही पुढे गेलेला असतो. डोळ्यांना दिसतो त्याच्या कितीतरी पुढे." मग त्यांनी आत्यांना विचारलं, "बंबाचं कुणाला सुचलं?"

"सुचायचं काय त्यात," आत्या म्हणाल्या. "पाणी तिथंच जातंय न्हवं."

साहेबांना त्यांनी आधी टाक्या ठेवायची ती खालची खोलीही दाखवली. "टाक्या त्या खालच्या खोलीत असत्या तर," ते म्हणाले आणि वाक्य तिथंच सोडलं.

टाकीच्या तोंडात आतली पिन अडकली होती. असं क्वचित होतं, पण होतं. म्हणून तर टोपणाची दोरी. ते सगळं त्यांनी शांतपणे समजावलं आणि मला दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझा हात कोमट पाण्यात धरून ठेवला आणि विचारलं, कशानं भाजलं. मी म्हटलं, गॅसनं. त्या म्हणाल्या, जाळ झाला का? मी म्हटलं, नाही, गारठ्यानं. त्यांनी मान हलवली. बोटांवर फोड आले, कातडी गेली, नवी आली. अजून तिथं ऊन-थंडी जरा जास्त कळते.

हे संध्याकाळी झाड तोडून वाट झाल्यावर आले. त्यांना सगळं सांगितलं. ते पडवीत गेले, त्यांनी स्वतः काढलेला तो चर हातानं चाचपून पाहिला. दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता काकींचा बंब त्यांनी घराच्या दुसऱ्या अंगाला हलवून दिला. आत्यांनी देवाजवळ दिवा लावला, पण शेगडी मात्र त्यांनी काही दिवस मलाच पेटवायला सांगितली. त्या शेजारी उभ्या राहून ज्योतीकडे बघायच्या. भीती नसायची त्यांच्या चेहऱ्यावर. मंदिरात गाभाऱ्यापाशी उभ्या असतात तशा उभ्या असायच्या.

पाऊस सरल्यावर मी माहेरी गेले. आमचं गाव सांगलीजवळ, वडील फौजेतून निवृत्त झालेले, भाऊ कुपवाडला एका कारखान्यात कामाला. वहिनीनं स्वयंपाकघर नवीन करून घेतलं होतं. ओट्याखाली सगळीकडे चकचकीत दारं, आणि त्यातल्या एका दाराआड टाकी, चारी बाजूंनी बंद. वहिनी कौतुकानं दारं उघडून दाखवत होती. मी हात पुढे केला आणि तिला बोटं दाखवली.

रात्री जेवताना सगळ्यांना सांगितलं. वडील जेवता जेवता थांबले. "फौजेत आमी दारूगोळ्याच्या कोठारात जायच्या आदी खिशातली काडीपेटी बाहीर काडून ठिवायचो," ते म्हणाले. "जवान काय आन् सायब काय, सगळ्यास्नी त्योच नियम. लय धाक वाटायचा त्या दाराचा." त्यांनी ओट्याखालच्या दाराकडे पाहिलं. "आन् ह्ये हितं रोज हाय. कवा मनातबी आलं न्हाई."

वहिनीची दारं नवी होती, तिला खाली भोकं पाडायची माझी कल्पना आवडली नाही, आणि तिनं तसं म्हटलंही. भाऊ म्हणाला, "आगं, मी नीट पाडतो, कामाच्या मशीननं. नक्षीगत दिसंल."

रविवारी त्यानं कारखान्यातून मशीन मागून आणली. टाकी आधी अंगणात नेऊन ठेवली. मग दाराच्या अगदी तळाशी, जमिनीलगत, एका ओळीत गोल भोकं पाडली आणि मागच्या भिंतीतून बाहेर अंगणाकडे एक मोठं. भुसा झाडून काढला. टाकी परत उभी करून जोडली, जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. आले नाहीत. वडील खुर्ची ओढून सगळं बघत होते.

वहिनी खाली बसली आणि तिनं भोकांसमोर तळहात धरला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

"वारं येतंय," ती म्हणाली, आणि मला हात लावून बघायला बोलावलं.